तळघरातला समुद्र

सेंट आयव्हज हे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, अटलांटिकच्या काठावर वसलेलं मासेमारांचं गाव. तिथलं खलाशांचं चर्च प्रार्थनेसाठी वापरात राहिलं नव्हतं, म्हणून १९४५ साली ते गावातल्या चित्रकारांच्या संस्थेकडे आलं. सेंट आयव्हज सोसायटी ऑफ आर्टिस्ट्स ही १९२७ची संस्था. सभासद बहुतेक मुरलेले समुद्रचित्रकार. खडकावर फुटणारी लाट, ओहोटीला बंदरात कलंडलेल्या होड्या, धुक्यातला धक्का ही त्यांची हातखंडा चित्रं, आणि त्यांना गिऱ्हाईकही ठरलेलं. चर्चच्या उंच भिंती मिळाल्या आणि लगेच प्रश्न उभा राहिला, कोणाचं चित्र कुठे टांगायचं? संस्थेत नव्याने शिरलेल्या तरुण मंडळींची चित्रं बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारच्या अंधाऱ्या कोपऱ्यात गेली.

समूह प्रदर्शनात चित्रं निवडणाऱ्यापेक्षाही ती टांगणाऱ्याच्या हातात जास्त सत्ता असते. आपल्याकडच्या कुणाही चित्रकाराला विचारा. दाराआडची भिंत, खांबामागची भिंत, पंख्याच्या बटणांशेजारची भिंत कुणाच्या वाट्याला येते हे तो डोळे मिटून सांगेल. सेंट आयव्हजच्या तरुणांनी कोपऱ्याबद्दल कुरकुर केली आणि मग वेगळाच मार्ग काढला. त्याच चर्चखाली तळघर होतं. सप्टेंबर १९४६ मध्ये त्यांनी तिथे स्वतःचं प्रदर्शन लावलं. पीटर लॅनियन, जॉन वेल्स, स्वेन बर्लिन, ब्रायन विंटर, आणि पाचवा गिडो मॉरिस. हा मॉरिस चित्रकार नव्हे, छापखानेवाला. हाताने खिळे जुळवून छापलेले त्याचे कागद चित्रांच्या बरोबरीने मांडले होते. वर नावाजलेल्यांचा समुद्र, खाली या पोरांचा. १९४७ आणि १९४८ मध्ये आणखी दोन प्रदर्शनं झाली आणि मंडळी वाढत गेली. विल्हेल्मिना बार्न्स-ग्रॅहम आली, पॅट्रिक हेरन आला. कलेच्या इतिहासात यांना ‘क्रिप्ट ग्रुप’ म्हणतात, म्हणजे तळघरवाले.

इतक्या लहान गावात एवढे चित्रकार जमले कसे? पर्यटनाच्या कुठल्याही पुस्तिकेत याचं उत्तर छापलेलं असतं: इथला प्रकाश. तिन्ही बाजूंनी पाणी, पांढरी वाळू, त्यामुळे उजेड वरून पडतो आणि खालूनही उसळतो. ते खोटं नाही. पण प्रकाश तर अलीकडच्या-पलीकडच्या पन्नास गावांतही होता. सेंट आयव्हजमध्ये त्याच्या जोडीला रिकाम्या जागा होत्या, आणि त्या का रिकाम्या झाल्या हे सांगितल्याशिवाय या चित्रांची गोष्ट सुरू होत नाही.

हे गाव तारलीवर जगलं. तिकडे तिला पिलचर्ड म्हणतात. उन्हाळ्याच्या अखेरीस तारलीचे थवे किनाऱ्याशी येत. कड्यावर बसलेला टेहळ्या पाण्याचा बदललेला रंग पाहून ओरडे, आणि होड्या जाळी घेऊन थव्याला वेढा घालायला सुटत. मासळी दगडी तळमजल्यांत मिठात रचायची, दाबून तेल काढायचं, पिंपांत भरायची आणि जहाजांनी इटलीला रवाना करायची. तिथल्या कॅथलिकांना उपवासाच्या दिवसांत मासे चालत. तळमजल्यावर मासळी, माडीवर जाळी आणि शिडं, अशी घरांची रचना. जाळी कुजू नयेत म्हणून ती गरम काढ्यात बुडवून काढायची. त्या काढ्यात पडणारा कात हिंदुस्थानातून आणि ब्रह्मदेशातून जाई. कॉर्नवॉलच्या जुन्या चित्रांतली शिडं लालसर तपकिरी दिसतात, त्यात चित्रकाराची कल्पना कमी आणि खैराचं लाकूड जास्त आहे.

१८७७ साली रेल्वे आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तारली आटत गेली, आणि पुढे मोठी जहाजं दूरच्या समुद्रात जाऊ लागल्यावर लहान होड्यांचं कंबरडं मोडलं. माड्या ओस पडल्या. उंच छत, लांबरुंद जमीन, छपराला काचा बसवल्या की उत्तरेचा थंड उजेड, आणि भाडं नाममात्र. १८८३–८४च्या हिवाळ्यात व्हिसलर इथे येऊन चित्रं काढून गेला, आणि नंतर युरोपभरातून चित्रकारांची रीघ लागली. मासेमाराची अडचण हे चित्रकाराचं भाग्य ठरलं. हा व्यवहार कोणी कट करून घडवला नाही, पण घडला तो असा. किनाऱ्याचं काम सुटत जातं तसतसा तो देखणा दिसू लागतो, ही गोष्ट पुढच्या सगळ्या चित्रांच्या पाठीशी उभी आहे.

याला अपवाद असा एकच माणूस. आल्फ्रेड वॉलिस, जन्म १८५५. तरुणपणी जहाजांवर गेलेला, मग मासेमार, मग सेंट आयव्हजच्या धक्क्यावर दोर, साखळ्या, जुनी शिडं अशा जहाजी भंगाराचा दुकानदार. १९२२ मध्ये बायको वारली आणि काही वर्षांनी, सत्तरीच्या घरात, सोबत हवी म्हणून त्याने चित्रं काढायला घेतली. कॅनव्हास नाही. वाण्याकडून मिळालेले पुठ्ठे, फाडलेले असतील तसेच वेडेवाकडे. रंग जहाजांना लावायचे. ऑगस्ट १९२८ मध्ये बेन निकल्सन आणि ख्रिस्तोफर वुड हे दोन लंडनकर चित्रकार फिरत फिरत त्याच्या उघड्या दारावरून गेले. आत भिंतींना खिळ्यांनी ठोकलेली चित्रं पाहून ते थबकले.

वॉलिसच्या चित्रात समुद्र क्वचितच निळा असतो. तो राखाडी असतो, मळकट हिरवा असतो, मधूनच पुठ्ठ्याचा मूळ रंग तसाच सोडलेला. घरं आडवी पडलेली, बंदर वरून पाहिल्यासारखं, त्याच बंदरातली होडी मात्र बाजूने. मासा होडीहून मोठा. यथार्थदर्शनाचे नियम पाळले नाहीत म्हणून समीक्षक याला ‘भाबडी’ कला म्हणत आले. मला तो शब्द पटत नाही. अंधारात बंदरात शिरताना खलाशाला ज्या गोष्टींची गरज असते, त्या या चित्रात मोठ्या आहेत: दीपगृह, धक्क्याचं टोक, खडक. बाकीच्या लहान. हा भाबडेपणा कसला? हे कामाच्या माणसाचं मोजमाप आहे. वॉलिसने एका पत्रात लिहिलं होतं की तो पूर्वी जे होतं तेच आठवणीतून काढतो. त्याच्या डोळ्यांदेखत नाहीशा झालेल्या शिडाच्या जहाजांची ती नोंद होती.

चित्रांचे गठ्ठे सुतळीने बांधून तो लंडनला संग्राहक जिम ईडकडे पाठवी. किंमत आकारावर ठरे, एक शिलिंग, दोन शिलिंग, तीन. १९४२ मध्ये तो मॅड्रनच्या अनाथाश्रमवजा सरकारी दरिद्रालयात वारला. त्याच्या कबरीवरच्या फरशा बर्नार्ड लीच या थोर कुंभाराने घडवल्या. त्यावर दीपगृह आहे आणि एक छोटा माणूस दारातून आत शिरतो आहे. जिवंतपणी दरिद्रालय आणि मेल्यावर लीचच्या फरशा. ईडने जमवलेली चित्रं आज केंब्रिजच्या केटल्स यार्डमध्ये आहेत.

निकल्सन आणि त्याची बायको, शिल्पकार बार्बरा हेपवर्थ, ऑगस्ट १९३९ मध्ये, युद्ध तोंडावर आलेलं असताना, लहान तिळ्या मुलांसह सेंट आयव्हजशेजारच्या कार्बिस बेला आले. पाठोपाठ रशियन शिल्पकार नाऊम गाबो आला. लंडनमधली सर्वांत कडक अमूर्त कला अशी बॉम्बच्या भीतीने एका मासेमार गावात येऊन पडली. वरच्या संस्थेत या मंडळींना जागा मिळवून दिली ती बोर्लेस स्मार्टने. स्मार्ट स्वतः जुन्या वळणाचा समुद्रचित्रकार, पण मनाने मोकळा. तोवर दोन्ही बाजूंना सांधून ठेवणारा तोच एक दुवा होता. १९४७च्या अखेरीस तो गेला आणि भांडणाला आडकाठी उरली नाही.

फेब्रुवारी १९४९ मध्ये आधुनिक मंडळी कॅसल इन या खानावळीत जमली आणि त्यांनी पेनविथ सोसायटी स्थापन केली. ती स्मार्टच्या स्मरणार्थ असेल असं ठरलं. अध्यक्ष म्हणून समीक्षक हर्बर्ट रीड. त्याच वसंतात लंडनला रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष आल्फ्रेड मनिंग्ज रेडिओवरून ऐकवल्या गेलेल्या भाषणात आधुनिक कलेवर तुटून पडला होता. हा मनिंग्जही ऐन उमेदीत कॉर्नवॉलमध्येच राहून चित्रं काढलेला. तेव्हा पेनविथवाल्यांना शत्रू शोधायला लांब जावं लागलं नाही.

पण शत्रू बाहेर असला की घर एकजूट राहतं, हे इथे खरं ठरलं नाही. वर्ष उलटायच्या आत संस्थेने सभासदांची विभागणी केली: ‘अ’ गटात परंपरागत, ‘ब’ गटात आधुनिक, ‘क’ गटात कारागीर. प्रदर्शनात कोणाला अन्याय वाटू नये, हा हेतू. प्रत्येकाने आपण कोण ते आधी सांगायचं आणि मग चित्र द्यायचं. लॅनियन भडकला. कोपऱ्याच्या रागाने एक संस्था सोडून आलेली माणसं दुसऱ्या संस्थेत शिरताच भिंतींचे वाटे घालायला बसली, हे त्याला सहन होईना. तो आणि बर्लिन १९५० मध्ये बाहेर पडले. निकल्सन-हेपवर्थ यांनी गावावर कबजा केला आहे असं त्याला अखेरपर्यंत वाटत राहिलं. त्या रागात मत्सर होता, यात शंका नको. पण मुख्य चित्रकारांत सेंट आयव्हजमध्ये जन्मलेला तोच एक होता, आणि हा किनारा आपल्याला आधी ठाऊक आहे असं वाटण्याचा हक्कही त्याला होता.

१९५१च्या ब्रिटन महोत्सवासाठी आर्ट्स कौन्सिलने साठ चित्रकारांकडून मोठ्या आकाराची चित्रं मागवली. लॅनियनने पोर्थलेव्हन निवडलं. हे दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. आत एक गोदी, बाहेर दुसरी, धक्क्याच्या टोकाशी घड्याळाचा मनोरा. एका जागी बसून हे बंदर काढायचं तर झकास समुद्रचित्र झालं असतं, वर्षानुवर्षं होतही होतं. लॅनियनने बंदराला फेऱ्या मारल्या. टेकडीवरून पाहिलं, धक्क्यावरून खाली पाहिलं, गल्ल्यांतून वर चढताना पाहिलं. काच, लाकूड आणि रंग जोडून छोट्या रचना केल्या, कारण त्याला बंदराचा आकार हाताला कळायला हवा होता. कितीतरी महिने झटापट झाली आणि मग अखेरचं चित्र त्याने झपाट्याने रंगवून टाकलं.

लंडनच्या टेट या कलासंग्रहालयातलं हे ‘पोर्थलेव्हन’ उभं आहे, माणसाहून उंच. आडव्या समुद्राचं उभं चित्र! क्षितिज नाही. दोन्ही गोद्या एकावर एक चढलेल्या, मनोरा वर, रस्ते वळून चित्राच्या पोटात शिरलेले. बघता बघता शाल पांघरलेली बाई आणि मासेमार असे दोन आकार त्यात दिसू लागतात. पाहणारा समुद्रासमोर उभा राहत नाही, गावातून चालत जातो. वॉलिसने पुठ्ठ्यावर जे केलं होतं, बंदर वरून आणि होडी बाजूने, तेच इथे एका शिकलेल्या चित्रकाराने जाणूनबुजून केलं. म्हाताऱ्याकडून निकल्सनने रंगांचा खडबडीतपणा आणि वस्तूसारखं चित्र घेतलं. लॅनियनने त्याहून महत्त्वाची गोष्ट घेतली असं मी म्हणेन: किनारा वापरणाऱ्या माणसाची नजर.

दोन वर्षांनी त्याने ‘सेंट जस्ट’ रंगवलं. सेंट जस्ट हे कथिल आणि तांब्याच्या खाणींचं गाव. जवळच्या लेव्हंट खाणीचे बोगदे समुद्राच्या तळाखाली गेलेले. २० ऑक्टोबर १९१९ रोजी तिथला माणसं वर-खाली नेणारा यांत्रिक दांडा तुटला आणि ३१ खाणकामगार मेले. लॅनियनच्या चित्रात मधोमध काळा उभा पट्टा आहे. तो खाणीचा कूप आहे आणि क्रूसही. भोवती हिरवी शेतं आणि कडे त्याच्याकडे ओढले गेल्यासारखे. किनाऱ्याचं चित्र पाण्याखालच्या अंधारापर्यंत नेता येतं, हे मला तरी हे चित्र पाहूनच कळलं. पुढे, १९५९ पासून, लॅनियन ग्लायडर शिकला आणि त्याची चित्रं वर गेली. उष्ण हवेचे झोत, पंखाखालून सरकणारा किनारा. ऑगस्ट १९६४ मध्ये ग्लायडरच्या अपघातानंतर तो गेला, वय ४६.

बाकीच्यांची किनाऱ्याकडे जाण्याची वाट आपापली. टेरी फ्रॉस्ट जर्मनांच्या युद्धकैद्यांच्या छावणीत चित्रकला शिकून आलेला. सेंट आयव्हजच्या स्मीटन धक्क्यावरून चालताना खाली डुलणाऱ्या होड्या त्याला दिसत. १९५०च्या ‘वॉक अलाँग द की’ या अरुंद उंच चित्रात होडी म्हणून काही शिल्लक नाही. अर्धवर्तुळं एकामागून एक चढत जातात, आणि चालण्याची लय तेवढी राहते. जॉन वेल्स सिली बेटांवर डॉक्टरकी करत होता, ती सोडून तो पूर्णवेळ चित्रकार झाला. बार्न्स-ग्रॅहम १९४० मध्ये स्कॉटलंडहून आली. १९४९ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिने हिमनदी पाहिली आणि परतल्यावर खडक, बर्फ, लाट यांची पारदर्शक चिरेबंदी रंगवत राहिली. कलेच्या इतिहासाने तिला बराच काळ पुरुषांच्या यादीच्या तळाशी ठेवलं. आपण तिथे पहिल्यापासून होतो हे तिला स्वतःच पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. हेरनचं वेगळंच. झेनरच्या कड्यावरच्या घरात राहूनही, माझं चित्र म्हणजे रंग, देखावा नव्हे, असं तो ठासून सांगे. त्याचं ऐकावं, पण त्याच्या चित्रांतल्या गोलसर आकारांकडे पाहताना खालच्या शेतांचे बांध डोळ्यांपुढे येतात, त्याला इलाज नाही.

आता मुंबई. पेनविथ सोसायटीचं पहिलं प्रदर्शन १९४९च्या उन्हाळ्यात भरलं, आणि त्याच वर्षी जुलैत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपचं प्रदर्शन मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात उघडलं. उद्घाटक मुल्कराज आनंद. दोन्हीकडे तरुण, दोन्हीकडे मुरलेल्या संस्थेशी वाकडं. पण मुंबईच्या बंडखोरांना समुद्र हा विषय वाटला नाही. सा. ल. हळदणकरांसारख्यांनी जलरंगातल्या निसर्गचित्राला इतक्या कौशल्याच्या पातळीवर नेलं होतं की तो प्रांतच जुन्यांचा समजला जात असावा. ग्रुपमधला सूझा गोव्यातल्या साळगावचा, किनाऱ्याजवळच वाढलेला, पण त्याच्या चित्रांत चर्च, देह आणि क्रूस. तो त्याच वर्षी लंडनला गेला. १९५८ मध्ये गुगेनहाइम पुरस्कारासाठी ब्रिटनने पाच चित्रकार निवडले, तेव्हा बेन निकल्सन आणि टेरी फ्रॉस्ट यांच्याबरोबर यादीत सूझा होता. ग्रुपमधला दुसरा एक, शिल्पकार-चित्रकार सदानंद बाकरे, लंडनमध्ये वीसेक वर्षं काढून परतला तो दापोली तालुक्यातल्या मुरुडला, हर्णैजवळ. अखेरपर्यंत, म्हणजे २००७ पर्यंत, तिथेच राहिला. शेजारी कोकणातला सर्वांत गजबजलेल्यांपैकी एक मासळीचा लिलाव रोज भरतो. समुद्राकाठी राहणं आणि समुद्राचा चित्रकार होणं यांचा संबंध वाटतो तेवढा सरळ नाही. आपल्याकडे ‘कोकणातली चित्रं’ म्हटलं की माड, मचवा आणि सूर्यास्त इतकंच हाती येतं, याला खरेदीदार जितके जबाबदार आहेत तितकीच लिलावाच्या आरडाओरड्याकडे पाठ करून बसण्याची आपली सवयही.

सेंट आयव्हजचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९८५ मध्ये लंडनच्या टेटने १९३९ ते १९६४ या पंचवीस वर्षांचं मोठं प्रदर्शन भरवलं आणि भांडकुदळ मंडळींचा एक घोटीव ‘संप्रदाय’ होऊन गेला. १९९३ मध्ये पोर्थमिअरच्या वाळवंटासमोर, जुन्या गॅस कारखान्याच्या जागी, टेटची शाखाच उघडली; २०१७ मध्ये ती वाढवली. गावात चित्रांचं आणि सुट्टीचं येणं-जाणं इतकं वाढलं की घरांचे भाव स्थानिकांच्या हाताबाहेर गेले. मासेमारांची दोन खोल्यांची घरं वर्षातून काही आठवडे राहणाऱ्यांच्या मालकीची झाली. हिवाळ्याच्या रात्री अख्ख्या गल्ल्यांत दिवा नसतो. मे २०१६ मध्ये गावाने सार्वमत घेतलं: नवी घरं बारमाही राहणाऱ्यांनाच विकायची का? ८० टक्क्यांहून अधिक मतं होकाराची. बांधकाम व्यावसायिकांच्या वतीने कोर्टात आव्हान दिलं गेलं, ते त्याच वर्षी फेटाळलं गेलं. मग बाहेरच्या पैशाने जुन्या घरांकडे मोर्चा वळवला, कारण सार्वमताचा नियम फक्त नव्या बांधकामाला लागू होता.

यात पोर्थमिअर स्टुडिओज तेवढे अजून टिकून आहेत. वाळूवर मागची भिंत टेकवून उभी असलेली ही जुनी इमारत बोर्लेस स्मार्टच्या नावाने स्थापन झालेल्या विश्वस्त संस्थेकडे गेली आणि बाजारात आली नाही. निकल्सनने १९४९ पासून वापरलेली पाच नंबरची खोली १९५८ मध्ये हेरनकडे गेली. समुद्राच्या माऱ्याने इमारत खचू लागली तेव्हा विश्वस्तांपुढे प्रश्न आला: फक्त वरचे स्टुडिओ सावरायचे की खालचे मासळीचे तळमजलेही? त्यांनी दोन्ही दुरुस्त केलं, आणि तळमजल्यांचे भाडेकरू मासेमारच ठेवले.